आधी वही, मग पाणी: कॅथलिक विषयाचा तिकीटसंग्रह कोणत्या क्रमाने उभा करावा

नाताळ झाला की सोलापुरात माझ्याकडे ओळखीची मंडळी पाकिटं घेऊन येतात. कुणाच्या मावशी सिस्टर आहेत आणि त्यांना रोमहून पत्रं आली आहेत, कुणाचा भाऊ आखातात आहे, कुणाला रद्दीत शुभेच्छापत्रांचा गठ्ठा सापडला आहे. बहुतेक वेळा गठ्ठा माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. सगळी तिकिटं एकाच बादलीत भिजवलेली, वर्तमानपत्रावर वाळवलेली, वहीत फेविकॉलने चिकटवलेली आणि देशवार लावलेली असतात. उत्साह खरा असतो, फक्त क्रम उलटा झालेला असतो. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. विषय ठरवणं आणि यादी करणं आधी, पाणी मधे, पान सगळ्यात शेवटी.

सुरू करण्याआधी: साहित्य आणि जागा

लागतं ते थोडंच. चपट्या, गोलसर टोकाचा, आतून गुळगुळीत असा तिकिटांचा चिमटा घ्या. भुवया कोरायच्या चिमट्याला आतून खाचा असतात, त्या कागदावर उमटतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, कडेची छिद्रं मोजायची पट्टी, काळ्या पानांचं एक स्टॉकबुक (तिकिटं न चिकटवता पट्ट्यांत खोचून ठेवायची वही), पांढरे टीपकागद, दोन पसरट भांडी आणि एक जाड वही एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. अल्बम आत्ताच घेऊ नका. संग्रहाचा आकार कळण्याआधी घेतलेला अल्बम त्या संग्रहाला कधीच बसत नाही.

जागा पंख्याखालची नको. सोलापुरात पंख्याशिवाय बसणं अवघड आहे, म्हणून हे काम पहाटे किंवा हिवाळ्यात करा. भिजवण्याचं सगळं काम मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो. तेव्हा ओलं तिकीट पाहता पाहता वाळून नळीसारखं गुंडाळतं.

तपासा: हात धुऊन कोरडे केले आहेत का? टेबलावर चहा नाही ना? तेल लावलेल्या केसांतून फिरलेला हात तिकिटावर ठेवला की तो डाग पुढे कधी निघत नाही.

टप्पा १: विषय एका वाक्यात लिहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात कमी वेळही इथेच दिला जातो. "कॅथलिक तिकिटं" हा विषय होत नाही. स्पेन, इटली, पोर्तुगाल, पोलंड, आयर्लंड, माल्टा, फिलिपिन्स आणि लॅटिन अमेरिकेतले देश मिळून नाताळची, ईस्टरची, संतांची आणि चर्चांची इतकी तिकिटं काढत आले आहेत की एका माणसाच्या हयातीत ती संपणार नाहीत. व्हॅटिकनने पहिली तिकिटं १ ऑगस्ट १९२९ रोजी काढली आणि तेव्हापासून काढत आलं आहे. सगळंच गोळा करायचं म्हटलं की दोन वर्षांत डबे भरतात आणि माणूस थांबतो.

वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा. त्यातून विषयाची हद्द दिसली पाहिजे. तीन नमुने देतो.

पहिला: "पोपपद रिक्त असताना व्हॅटिकनने काढलेली तिकिटं." एका पोपच्या मृत्यूनंतर किंवा राजीनाम्यानंतर दुसऱ्याची निवड होईपर्यंतच्या दिवसांत छत्रीचं चिन्ह असलेली खास तिकिटं निघतात. १९३९, १९५८, १९६३, १९७८ मध्ये दोनदा, २००५, २०१३ आणि २०२५, म्हणजे आठच वेळा. १९३९ ची तर १९२९ च्या जुन्या तिकिटांवर नवा मजकूर छापून केलेली आहेत. विषय छोटा आहे, पण पूर्ण होण्यासारखा आहे. नवख्या माणसाला मी हाच सुचवतो.

दुसरा: "भारत सरकारच्या तिकिटांवरचे कॅथलिक संत आणि सेवक." १९६४ आणि १९७३ चे संत थॉमस, १९७४ चे संत फ्रान्सिस झेवियर, १९८० च्या मदर तेरेसा, १९८७ चे चावरा कुरियाकोस एलियास, १९९६ च्या अल्फोन्सा आणि पुढे २०१० व २०१६ मध्ये पुन्हा मदर तेरेसा. यातली बरीच तिकिटं अजून खिशाला परवडतात. मराठी घरात दाखवायला यासारखा विषय नाही, कारण बघणाऱ्याला निम्मी नावं आधीच माहीत असतात.

तिसरा: "एक घटना, दोन टपालखाती." १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईला आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक अधिवेशन, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या गौरवासाठी जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा, भरलं आणि त्यासाठी पोप सहावे पॉल भारतात आले. २ डिसेंबरला भारताने संत थॉमस यांचं १५ पैशांचं तिकीट काढलं आणि व्हॅटिकनने पोपच्या भारतभेटीवर स्वतंत्र संच काढला. ही दोन्ही शेजारी ठेवली की पान स्वतःच बोलू लागतं. अशाच जोड्या मरियामातेच्या दर्शनांच्या, म्हणजे फ्रान्समधल्या लूर्दच्या शताब्दीच्या (१९५८) आणि पोर्तुगालमधल्या फातिमाच्या पन्नाशीच्या (१९६७), तसंच चर्चच्या पवित्र (ज्युबिली) वर्षांच्या मिळतात.

सावध: "ख्रिस्ती" आणि "कॅथलिक" यांत गल्लत करू नका. ग्रीस, बल्गेरिया, रशियाच्या तिकिटांवरच्या सोनेरी पार्श्वभूमीच्या मूर्तिचित्रांमागे ऑर्थोडॉक्स, म्हणजे कॅथलिकांहून वेगळ्या पूर्वेकडच्या चर्चची, परंपरा आहे. पंडिता रमाबाईंचं १९८९ चं भारतीय तिकीट आपल्याला कितीही जवळचं असलं तरी त्या प्रोटेस्टंट असल्यामुळे या विषयात बसत नाही. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या वारशातली कुटुंबं बरीच असल्यामुळे हा घोटाळा इथे हटकून होतो. अशी तिकिटं फेकू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. विषय रुंदावला तर ती लागतील.

टप्पा २: खरेदीआधी यादी

वाक्य लिहून झालं की त्यात बसणाऱ्या प्रत्येक तिकिटाची यादी करा, अजून एकही हातात नसलं तरी. त्यासाठी कॅटलॉग, म्हणजे तिकिटांची क्रमांकवार सूची, लागतो. स्टॅनली गिबन्स, स्कॉट, मिशेल यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून एकच निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. कोलनेक्ट या संकेतस्थळावर चित्रासकट शोधता येतं आणि एकाच तिकिटाचे वेगवेगळ्या कॅटलॉगमधले क्रमांक शेजारी दिसतात.

वहीत प्रत्येक तिकिटासाठी एक ओळ ठेवा: देश, निघाल्याची तारीख, दर्शनी किंमत, कॅटलॉग क्रमांक, विषयातली जागा. शेवटच्या रकान्यात "का?" लिहा. हे तिकीट माझ्या वाक्यात का बसतं, एवढंच. उत्तर चार शब्दांत जमलं नाही तर ते तिकीट यादीत नको.

तपासा: यादीत दोनशेपेक्षा जास्त नोंदी झाल्या का? मग वाक्य फार मोठं आहे. मागे जा आणि हद्द आवळा.

टप्पा ३: मिळवणं

पहिली जागा घर आणि धर्मग्राम, म्हणजे आपल्या चर्चचा परिसर. कॉन्व्हेंटमध्ये, फादरांकडे, परदेशी शिकून आलेल्या सिस्टरांकडे पत्रव्यवहार असतो. मागताना आधी फक्त पाकिटं मागा, पत्रं नकोत. आतला मजकूर खासगी असतो आणि तो आपण वाचणार नाही हे समोरच्याला स्पष्ट सांगा. मला आजवर जे चांगलं मिळालं ते या एका वाक्यामुळे. आणि पाकीट देताना तिकीट फाडून देऊ नका, आहे तसंच द्या, हेही सांगून ठेवा. प्रेमापोटी लोक कोपरा फाडून देतात आणि त्यात तिकिटाचे दात जातात.

दुसरी जागा रद्दी. मंगळवार बाजारातून किंवा पेठांतल्या रद्दीच्या दुकानांतून फिरताना दुकानदाराला "जुनी पाकिटं" म्हणून सांगून ठेवा. "तिकिटं" म्हटलं की किंमत वाढते आणि तोच कात्री घेऊन बसतो.

तिसरी जागा टपालखातं. नव्या भारतीय तिकिटांसाठी मोठ्या टपाल कार्यालयात फिलाटेली खातं उघडता येतं. पैसे भरून ठेवले की नवी तिकिटं निघतील तशी मिळत जातात. तिकिटाबरोबरचं माहितीपत्रक सोडू नका. पान लिहिताना तारीख, छपाईची पद्धत, नगसंख्या सगळं त्यातूनच मिळतं.

चौथी जागा विकत घेणं, आणि खरे सापळे इथे आहेत.

१) वाळवंटी तिकिटं. १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या सुरुवातीला अजमान, फुजैरा, उम्म अल-कैवैन, शारजा, रास अल-खैमा या आखाती अमिरातींच्या नावाने ढिगाने तिकिटं छापली गेली. त्यांत येशूजन्म, क्रूसावरचा ख्रिस्त, राफाएलच्या मरियामाता अशी भरपूर चित्रं आहेत. ती टपालासाठी कमी आणि संग्राहकांना विकण्यासाठी जास्त छापलेली. दिसायला सुंदर, किंमत नगण्य. "शंभर धार्मिक तिकिटं" असं पाकीट घेतलंत तर निम्मी हीच निघतात. पहिल्या वर्षी बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून मी असंच पाकीट घेतलं होतं. आज त्यातलं एकही माझ्या पानांवर नाही.

२) कारखान्यात मारलेला शिक्का. तिकिटाच्या एकाच कोपऱ्यात अगदी स्वच्छ, गोल तुकडा उमटलेला शिक्का आणि मागे डिंक जसाच्या तसा, असं दिसलं तर ते तिकीट पत्रावर कधी लागलेलंच नाही. विकण्यासाठी मुद्दाम शिक्का मारून ठेवलेलं आहे. ठेवायला हरकत नाही, पण "वापरलेलं" म्हणून पानावर लावू नका.

३) पोपच्या जुन्या राज्याची तिकिटं. व्हॅटिकन देश होण्याआधी १८५२ ते १८७० या काळात पोपच्या राज्याची स्वतःची तिकिटं होती, त्यांवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन किल्ल्या आणि त्रिमुकुट असतो. त्यांची नंतर केलेली पुनर्मुद्रणं बाजारात भरपूर आहेत. स्वस्तात आणि अगदी ताजी दिसणारी मिळाली तर पुनर्मुद्रणच समजा.

४) १९३४ ची व्हॅटिकनची नव्या किमती छापलेली तिकिटं. यांच्या नकला इतक्या आहेत की तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय पैसे मोजू नका.

सावध: २००२ पासून जागतिक टपाल संघटनेच्या देखरेखीखाली अधिकृत तिकिटांची क्रमांकित नोंद ठेवली जाते. त्यानंतरचं तिकीट अनोळखी प्रदेशाच्या नावाने दिसलं आणि या नोंदीत नसलं, तर ते कुणीतरी खासगीत छापलेलं असण्याचा संभव मोठा आहे. पोप दुसरे जॉन पॉल आणि मदर तेरेसा यांच्या नावावर असा बनावट माल फार फिरतो.

टप्पा ४: पाण्याआधीची वाटणी

आलेलं सगळं टेबलावर पसरा आणि चार ढीग करा. पाण्याचं भांडं अजून दुसऱ्या खोलीतच असू द्या.

पहिला ढीग: अख्खं ठेवायची पाकिटं. प्रथम दिवस आवरणं (तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेली पाकिटं), विशेष शिक्क्याची पाकिटं, व्हॅटिकनचा शिक्का असलेलं रोमचं पत्र, तीर्थस्थळाचं नाव शिक्क्यात वाचता येतं असं काहीही. विषयाच्या संग्रहात शिक्का हा तिकिटाइतकाच पुरावा असतो. लूर्दचं तिकीट कुठेही मिळेल, पण लूर्दच्याच टपाल कार्यालयाचा शिक्का असलेलं पाकीट हाती लागणं निराळं. नवशिका असताना मी डिसेंबर १९६४ चा मुंबईचा शिक्का असलेलं पाकीट कापून भिजवलं. तिकीट आजही माझ्याकडे आहे, पण त्याला ते पाकीट परत चिकटवता येत नाही. तेव्हापासून हा ढीग मी सगळ्यात आधी करतो.

दुसरा ढीग: रंगीत पाकिटं. नाताळच्या शुभेच्छापत्रांची लाल आणि हिरवी पाकिटं पाण्यात रंग सोडतात आणि तो रंग तिकिटाच्या पांढऱ्या कडेत शिरतो. जांभळ्या शाईने पत्ता लिहिलेली पाकिटंही इथेच ठेवा.

तिसरा ढीग: स्वयंचिकट तिकिटं, म्हणजे स्टिकरसारखी. अमेरिकेची अलीकडची तिकिटं जवळजवळ सगळी अशी आहेत आणि पाण्याने सुटत नाहीत. मदर तेरेसांचं अमेरिकेने २०१० मध्ये काढलेलं तिकीट यातलंच. चारी बाजूंनी तीन-चार मिलिमीटर कागद ठेवून कापा आणि तसंच लावा.

चौथा ढीग: पांढऱ्या कागदावरची साधी, डिंकाची तिकिटं. पाण्यात जायचं ते फक्त यांनी.

तपासा: चौथ्या ढिगातलं प्रत्येक तिकीट भिंगाखाली एकदा बघा. शिक्क्यातली तारीख आणि गाव वाचता येतंय का? येत असेल तर ते पहिल्या ढिगात न्या.

टप्पा ५: भिजवणं

तिकिटाभोवती साधारण एक सेंटिमीटर कागद ठेवून कापा. दातांना कात्री लागता कामा नये.

पाण्याबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण सोलापूरकरांसाठी हा खरा प्रश्न आहे. नळाला पाणी रोज येत नाही, मग आपण साठवलेलं किंवा बोअरचं वापरतो. बोअरचं पाणी जड असतं. तिकीट वाळल्यावर मागे पांढरट थर राहतो, गडद रंगाच्या तिकिटावर तो पुढूनही दिसतो. भिजवायला साधं नळाचं पाणी चालेल, पण शेवटचं खंगाळणं मात्र आरओ फिल्टरच्या पाण्यात करा. पेलाभर पुरतं. पाणी कोमट असावं, बोट सहज ठेवता येईल इतपत. कढत पाण्याने रंग लवकर सुटतात.

एका वेळी पंधरा-वीसच तिकिटं टाका आणि ती एकमेकांवर चढू देऊ नका. पंधरा ते तीस मिनिटं थांबा. तिकीट कागदावरून आपोआप घसरलं पाहिजे. ओढावं लागत असेल तर वेळ झालेली नाही. ओढलं की मागचा कागदाचा पापुद्रा निघतो आणि ते तिकीट कायमचं पातळ होतं. पुढून ते दिसत नाही, उजेडासमोर धरलं की दिसतं.

सुटलेलं तिकीट बोटांच्या टोकावर उलटं घ्या आणि दुसऱ्या भांड्यातल्या स्वच्छ पाण्यात मागचा चिकटपणा अंगठ्याने हलकेच काढा. डिंक राहिला तर वाळताना ते टीपकागदाला चिकटतं.

सावध: ओलं तिकीट चिमट्याने उचलू नका. ओला कागद फार दुबळा असतो. तळव्यावर घ्या.

टप्पा ६: वाळवणं

वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. आपल्याकडे घरोघरी टर्किश टॉवेल असतो, पण तोही नको. त्याच्या फाशांचे ठसे ओल्या तिकिटावर दाणेदार उमटतात. साधा विणलेला पातळ पंचा चालतो, टीपकागद सगळ्यात चांगला.

तिकीट पालथं, म्हणजे चित्र खाली करून ठेवा. हिवाळ्यात अर्धा-पाऊण तास, उन्हाळ्यात त्याहून बराच कमी. पूर्ण वाळण्याची वाट बघू नका. थोडी ओल असतानाच दोन कोऱ्या टीपकागदांमध्ये घालून वर जाड पुस्तकं ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. हा ओलेपणा ओळखणंच महत्त्वाचं: बोट लावलं की गार लागतं, पण बोट ओलं होत नाही.

गुंडाळलेलं तिकीट हाताने उलगडू नका, त्यावर घडी पडते. पुन्हा पाच मिनिटं पाण्यात टाका आणि नव्याने वाळवा. इस्त्री कधीही नको.

टप्पा ७: संत ओळखणं

तिकीट हातात आलं, पण त्यावर कोण आहे? बऱ्याचदा नाव परक्या भाषेत असतं किंवा नसतंच. मग हातातली वस्तू बघायची. आपण चक्र बघून विष्णू आणि वीणा बघून सरस्वती ओळखतो, अगदी तसंच.

किल्ल्या असतील तर पेत्र. तलवार आणि पुस्तक असेल तर पॉल. बाळ येशू आणि लिलीची फुलं घेतलेला तपकिरी झग्यातला तरुण साधू म्हणजे पादुआचे संत अँथनी. लिलीसह सुताराची हत्यारं असली तर योसेफ. लोखंडी शेगडीजवळ उभे ते लॉरेन्स, अंगात बाण रुतलेले ते सेबॅस्टियन, मोडलेल्या चाकाशेजारी कॅथरिन, ऑर्गन वाजवणाऱ्या सेसिलिया, ताटलीत डोळे घेतलेल्या ल्युसी, मनोऱ्याजवळ बार्बरा. तळहातांवर जखमा आणि भोवती पक्षी असले तर असिसीचे फ्रान्सिस. गुलाबांसह कार्मेलाइट संघाच्या वेशातली तरुण सिस्टर म्हणजे लिझ्यूच्या तेरेझा. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चार शुभवर्तमानकारांची खूण सोपी आहे: मत्तयसोबत देवदूतासारखा माणूस, मार्कसोबत सिंह, लूकसोबत बैल आणि योहानसोबत गरुड. फक्त सिंह दिसला म्हणून मार्क म्हणू नका. सिंहाजवळ लाल झगा आणि पुस्तकं असतील तर ते जेरोम असतात.

मरियामातेच्या रूपांत तर फार गफलत होते. लूर्दच्या मातेचा पोशाख पांढरा आणि कमरेला निळा पट्टा असतो. ग्वादालूपेच्या मातेभोवती किरणं, पायाखाली चंद्रकोर आणि अंगावर ताऱ्यांची निळसर-हिरवी शाल असते. फातिमाचं चित्र असेल तर बहुतेक वेळा समोर तीन मुलं गुडघ्यांवर बसलेली दिसतात.

देशाचं नाव वाचण्यातही अडखळायला होतं. "हेल्वेशिया" लिहिलेलं स्वित्झर्लंडचं, "मॅग्यार" हंगेरीचं, "पोल्स्का" पोलंडचं, "एअरे" आयर्लंडचं, "हर्वात्स्का" क्रोएशियाचं. देशाचं नावच नसेल आणि राणीचा किंवा राजाचा छोटा चेहरा असेल तर ब्रिटन. व्हॅटिकनच्या तिकिटांवर "पोस्ते वातिकाने" किंवा "चित्ता देल वातिकानो" असतं. ती इटलीच्या ढिगात टाकू नका. चलन आधी लिरा होतं, २००२ पासून युरो आहे, त्यावरून काळाचा अंदाज येतो.

तपासा: ओळख पटली की नावाशेजारी तिकिटाच्या दिवशीचं स्थान लिहा. अल्फोन्सा १९९६ च्या तिकिटावेळी धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित झालेल्या होत्या, संतपद त्यांना २००८ मध्ये मिळालं. चावरांना २०१४ मध्ये. मदर तेरेसा तर १९८० मध्ये हयात होत्या आणि तिकीट निघालं ते नोबेलनंतर. "१९८०: संत तेरेसा" असं लिहिलेली पानं मी प्रदर्शनातही पाहिली आहेत. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

टप्पा ८: दोष बघणं आणि नोंद

तिकीट काळ्या कागदावर ठेवा. चारी कडांचे दात मोजा, आखूड किंवा तुटलेला दात लगेच दिसतो. उजेडासमोर धरून पातळ जागा आणि बारीक छेद बघा. मागे तपकिरी ठिपके असतील तर ती बुरशी, ते तिकीट बाकीच्यांपासून दूर ठेवा. छिद्रांची मोजणी दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं यावर असते. एकाच चित्राच्या दोन छपायांत ती वेगळी असू शकते आणि किंमतही वेगळी असते.

मग वहीतल्या त्याच ओळीवर अवस्था, कुठून मिळालं, किती पैसे पडले हे लिहा. फुकट मिळालं तरी देणाऱ्याचं नाव लिहा. दहा वर्षांनी तेच सगळ्यात जास्त वाचावंसं वाटतं.

टप्पा ९: पान लावणं

आता कुठे पान. ए-फोर आकाराचा जाड, आम्लरहित कागद घ्या. फेविकॉल, सेलोटेप, फोटो अल्बमची चिकट पानं यांपैकी काहीही नको. वापरलेल्या साध्या तिकिटांना हिंज, म्हणजे डिंक लावलेली घडीची छोटी कागदी पट्टी, चालतो: घडीचा छोटा भाग तिकिटाच्या मागे वरच्या कडेजवळ, मोठा भाग पानाला, ओलावा अगदी नावापुरता. कोऱ्या, डिंकासकट असलेल्या तिकिटांना हिंज लावू नका, त्यांना पारदर्शक माउंट, म्हणजे तिकीट आत सरकवायचा खिसा, द्या. माउंट पीव्हीसीचं नको. मऊ पीव्हीसीतली रसायनं वर्षांनी शाई उचलतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन विचारून घ्या. लॅमिनेशन केलेलं तिकीट तर संपलंच.

क्रम देशवार नको, तारखेवारही नको. टप्पा १ मधलं वाक्य जसं उलगडतं तसं लावा. उदाहरणार्थ संत फ्रान्सिस झेवियर यांचा विषय असेल तर स्पेनमधलं जन्मस्थान, प्रवास, गोवा, ३ डिसेंबर १५५२ चा मृत्यू, मग अवशेषांचं प्रदर्शन. यात पोर्तुगीज भारताची १९३१ ची आणि १९५२ ची तिकिटं भारताच्या १९७४ च्या तिकिटाशेजारी येतात. वेगवेगळे देश एकाच गोष्टीत बसतात, विषयसंग्रहाची गोडी ती हीच.

एका पानावर चार-पाच नग पुरेत. मजकूर दोन ओळींचा. मिनिएचर शीटमधून (छोट्या, सजवलेल्या तावातून) एक तिकीट कापून लावण्याचा मोह आवरा, शीट अख्खी ठेवा. प्रदर्शनाला पाठवायचं असेल तर एका फ्रेममध्ये सोळा पानं बसतात हे धरून आखणी करा. पहिलं पान शीर्षक आणि आराखड्याचं.

तपासा: पान पूर्ण झालं की घरातल्या, तिकिटांतलं काही न कळणाऱ्या माणसाला दाखवा. "हे यानंतर का आलं?" असं त्याने विचारलं तर क्रम चुकला आहे.

टप्पा १०: सोलापूरच्या हवेत जपणं

आपल्याकडची कोरडी गरमी तिकिटाच्या डिंकाला तडे पाडते आणि पावसाळ्यातली दमट हवा तोच डिंक पानाला चिकटवते. दोन्हींपासून सांभाळायचं. स्टॉकबुकं पुस्तकांसारखी उभी ठेवा, आडवी रचली तर खालची दाबाने चिकटतात. गच्चीखालच्या खोलीतला माळा आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. लोखंडी कपाट असेल तर आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनमध्ये बदला. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायची सवय असते, पण त्या अल्बमजवळ नकोत. त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक मऊ पडतं. कसरीवर उपाय एकच: महिन्यातून एकदा प्रत्येक स्टॉकबुक उघडून सगळी पानं हवेला चाळा.

जोडीदार संग्राहकाला तिकिटं पाठवताना ती पारदर्शक पाकिटात घाला, दोन्ही बाजूंना पुठ्ठा द्या आणि पुठ्ठ्याच्या फक्त कडांना टेप लावा. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे आता पावती आणि माग हवा असेल तर स्पीड पोस्टनेच पाठवा. पाकिटावर लावायच्या तिकिटांतही संत थॉमस किंवा मदर तेरेसा सापडले तर ती वापरा आणि खिडकीवरच्या माणसाला शिक्का हाताने, कोपऱ्यात, स्वच्छ मारायची विनंती करा. समोरच्याला ते पाकीटच पहिल्या ढिगात ठेवता येईल.